रक्त येते तिथेच ब्रश फिरवा

मा. संपादक,
स. न.

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसले की माणूस सहसा त्या जागेला हात लावणे सोडतो. हिरडी दुखावली आहे, दोन दिवस विसावा देऊ, असा हिशेब असतो. तो साफ उलटा पडतो. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. ते सुजलेल्या हिरडीतून येते, आणि सूज असते कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे, म्हणजे प्लाकमुळे. ब्रश थांबला की थर जाड होतो आणि रक्त आणखी वाढते. १९६५ साली हारल्ड लो आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे बंद करायला लावले होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू झाल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या.

घासायचे कसे, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. मऊ ब्रश दात आणि हिरडी यांच्या सीमेवर ४५ अंशांत, हिरडीकडे रोखून टेकवावा. केसांची टोके कडेखाली किंचित शिरली पाहिजेत. दोन-तीन दात धरून जागच्या जागी दहाएक बारीक झटके द्यावेत, मग पुढे सरकावे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरावा. लाळेच्या नळ्या तिथेच जवळ उघडतात म्हणून कीटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला प्लाक, तिथे सर्वांत आधी धरते. दोन मिनिटे, दोन वेळा. करवतीसारखा आडवा जोर लावला तर हिरडी मागे सरकते आणि दाताच्या मुळाशी खाच पडते.

एवढे करूनही दातांमधल्या फटी राहतातच, आणि आजाराची सुरुवात बहुधा तिथेच असते. फट मोकळी असेल तर फटीचा बारीक ब्रश वापरावा: तो किंचित घट्ट बसावा, पण तार दाताला घासू नये. दात चिकटून असतील तर ४०-४५ सेंटिमीटर फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) घ्यावा आणि मागे-पुढे हलवत हळू आत न्यावा. खटकन दाबला तर हिरडीचे टोक कापते. आत गेल्यावर दाताच्या अंगाला बिलगवून वर-खाली ओढावा. फटीला दोन भिंती असतात. घाईत एकच घासली जाते. सुरुवातीला रक्त येईल. रोज नीट केल्यास ते आठ-दहा दिवसांत कमी होते. दोन आठवड्यांनंतरही येत राहिले तर खाली कीटण आहे असे समजून दंतवैद्याकडे जावे. कीटण ब्रशने निघत नाही, आणि पिनेने खरवडणे म्हणजे हिरडीला जखम करून घेणे.

‘स्केलिंगने (दंतवैद्याने कीटण काढल्याने) दात हलतात’ हा समज अनेकांचे दात घालवतो. दातांभोवतीचे हाड आधीच झिजलेले असते. फटीत कीटणाचा गच्च थर बसल्याने ते जाणवत नाही. थर निघाला, सूज उतरली की फट दिसते, दात काही दिवस शिवशिवतात, आणि आळ येतो स्केलिंगवर.

तपासणीत एक प्रश्न जरूर विचारावा: पॉकेट, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधली खाच, किती मिलिमीटर खोल? १ ते ३ ठीक. ४ किंवा जास्त असेल तर तळापर्यंत ब्रश पोहोचत नाही; जागा बधिर करून मुळांची खोलवर सफाई करावी लागते. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा मोजून, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली उरली असेल तर फ्लॅप शस्त्रक्रियेचा (हिरडी उघडून आतली सफाई) विचार होतो. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही, म्हणून पुढेही दर तीन-चार महिन्यांनी सफाई चुकवू नये.

नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांनी काही साधत नाही. चिकट थरातल्या जंतूंपर्यंत औषध पुरेसे पोहोचत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचे ०.२ टक्के द्रावण १० मिली घेऊन एक मिनिट, दिवसातून दोनदा चूळ भरता येते, पण सल्ल्याने आणि सहसा दोनच आठवडे. पुढे दात तपकिरी पडतात, चव बिघडते. टूथपेस्टनंतर अर्धा तास सोडावा, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या द्रव्याने औषधाचा जोर मोडतो.

धूम्रपान करणाऱ्यांनी ‘रक्त येत नाही’ यावर विसंबू नये. तंबाखूने रक्तस्राव दबतो, हाड मात्र झिजतच राहते. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे रिपोर्ट दाखवावेत. रक्तदाबावरची अम्लोडिपिन किंवा फिटवरची फेनिटॉइन घेणाऱ्यांच्या हिरड्या कधीकधी दातांवर चढतात. गोळी मनाने बंद करू नये. पर्याय आहे का, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

आपला,
एक हिरडीरोगतज्ज्ञ