सरकारी विद्यापीठ, पण कोणत्या राज्याचं?

महोदय,

स. न. वि. वि.

मी मूळची साताऱ्याची. गेली एकवीस वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि रोज सकाळी चहाबरोबर आपलं दैनिक मोबाइलवर वाचते. परदेशी शिक्षणावरच्या एका लेखात 'अमेरिकेतली खासगी विद्यापीठं झेपत नसतील तर सरकारी विद्यापीठांचा पर्याय आहे' असं वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र. त्या वाक्यातलं जे सांगायचं राहून गेलं, त्यापायी आमच्या घरात २०२५च्या वसंतात कित्येक रात्री कुणाला धड झोप लागली नव्हती.

इथली सरकारी विद्यापीठं केंद्राची नसतात, एकेका राज्याची असतात. त्या राज्याच्या करातून त्यांना पैसा मिळतो, म्हणून त्या राज्यातल्या मुलांना एक फी आणि बाहेरून येणाऱ्यांना दुसरी. हा फरक थोडाथोडका नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात २०२५ मध्ये नव्याने दाखल झालेल्या बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरहून अधिक जादा भरावे लागतात. मिशिगन विद्यापीठात, म्हणजे ॲन आर्बरला, बाहेरच्या राज्यातल्या मुलाचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या घरात जातो. चार वर्षांचे तीन लाखांवर झाले, आपल्या रुपयांत अडीच कोटींच्या पुढे. आमच्या राज्याच्या रटगर्समध्ये इथल्याच मुलीला साधारण याच्या निम्म्यात भागतं. २००८च्या मंदीनंतर राज्यांनी विद्यापीठांचं अनुदान कापलं आणि बाहेरून येणारी, पूर्ण फी भरणारी मुलं अनेक विद्यापीठांना हवीशी झाली. त्यामुळे आपल्या मुलीला दूरच्या नामांकित विद्यापीठाचं बोलावणं आलं की ऊर भरून येतो खरा, पण पैशांचा प्रश्न त्या बोलावण्याने सुटलेला नसतो.

माझ्या थोरलीला असंच एका मध्य-पश्चिमेकडच्या सरकारी विद्यापीठाचं पत्र आलं. नाव लिहीत नाही, कारण अशी पत्रं पाठवणारं ते एकटंच नाही. संध्याकाळची वेळ होती, मी पोळ्या लाटत होते. तिने लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला आणि म्हणाली, "आई, बघ, शेवटी शून्य आहे!" खरंच होतं. वर एकूण खर्च ७४,००० डॉलर, त्याखाली 'तुम्हाला मिळालेली मदत' आणि तळाला 'उरलेली रक्कम: ०'. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो. तिच्या बाबांना ऑफिसात फोन केला, साताऱ्याला फोन केला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, तरी सासूबाईंनी उठून देवापुढे साखर ठेवली.

रात्री जेवणं उरकल्यावर ह्यांनी ते पत्र ओळीओळीने वाचलं. गुणवत्तेची शिष्यवृत्ती ८,००० डॉलर. विद्यार्थिनीच्या नावावर केंद्र सरकारचं कर्ज ५,५०० डॉलर. आणि पालकांच्या नावावर कर्ज ६०,५०० डॉलर. तिन्ही ओळी 'मदत' याच शीर्षकाखाली, एकाच अक्षरात. शून्य आलं होतं ते आम्ही साडेसाठ हजारांचं कर्ज काढणार असं गृहीत धरून. आणि ते फक्त पहिल्या वर्षाचं. त्या वर्षी पालकांच्या या कर्जाचा व्याजदर जवळजवळ ९ टक्के होता, शिवाय कर्ज देतानाच सुमारे सव्वाचार टक्के कापून घेतात. ह्यांनी पाकिटाच्या मागे हिशेब मांडला. चार वर्षांचे २,४२,००० डॉलर, दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला तीन हजारांच्या पुढे हप्ता. आमच्या घराच्या हप्त्यापेक्षा जास्त. धाकटा तेव्हा नववीत होता.

ते पाकीट मुलीने उचललं, बराच वेळ बघत राहिली आणि काही न बोलता खोलीत गेली. चूक तिची नव्हती. आम्ही तिला ऑगस्टपासून 'तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघू' असं सांगत आलो होतो. आपल्याकडचे सगळे आईबाप हेच सांगतात, प्रेमापोटीच सांगतात. पण आकडा न सांगता तिला अर्ज भरायला लावले आणि निकाल आल्यावर आकडा सांगितला, हे आमचं चुकलं आणि मला ते आजही लागतं. वर्षाला किती देऊ शकतो हे अर्ज भरायच्या आधी, यादी करतानाच तिच्याशी बोलायला हवं होतं. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारी गणकसोय असणं इथल्या कायद्याने २०११पासून बंधनकारक आहे. ती आम्ही उघडूनही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांचा फोन आला. कोरेगाव रस्त्याचा प्लॉट विकू या म्हणाले. तो प्लॉट त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलाय, त्यांच्या म्हातारपणाचा तेवढाच आधार आहे. ह्यांना फोनवर बोलवेना. मीच सांगितलं, "अण्णा, तो विकायचा नाही."

बाहेरच्या राज्यात कमी पैशात शिकायच्या वाटा नाहीतच असं नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत आपापसांत करार आहे, त्यात सहभागी असलेली विद्यापीठं शेजारच्या राज्यातल्या मुलांकडून स्थानिक फीच्या दीडपटीहून जास्त घेत नाहीत. दक्षिणेत, मध्य-पश्चिमेत आणि न्यू इंग्लंडमध्येही असे गट आहेत. आमचं न्यू जर्सी नेमकं यातल्या एकाही गटात नाही. ईशान्येकडच्या मेन राज्याच्या विद्यापीठाने मात्र २०१६ मध्ये आपणहून योजना काढली, की चांगले गुण असलेल्या ठरावीक राज्यांतल्या मुलांनी आपल्या राज्याच्या मुख्य विद्यापीठात जेवढी फी भरली असती तेवढीच इथे भरावी. हे सगळं मला कळलं ते एप्रिलमध्ये, अर्जांच्या मुदती उलटून गेल्यावर.

पालकांच्या कर्जाचे नियमही बदलले आहेत. १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार डॉलर एवढीच मर्यादा आहे. बाकीच्यासाठी खासगी बँकांच्या दारात जावं लागेल. तिथे सरकारी कर्जासारख्या सवलती नसतात.

आमची निदान नागरिक म्हणून गणती तरी होते. आमच्या मंडळातली दोन कुटुंबं एच-१बी व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-बारा वर्षं उभी. त्यांची मुलं बालवाडीपासून इथे शिकली, पण एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असल्यामुळे केंद्राची शिष्यवृत्ती नाही, कर्जही नाही. एकवीस वर्षं पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर राहताही येत नाही. त्या मुलांच्या आयांशी बोलताना मला माझं रडगाणं गावंसं वाटत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांत बोलली जात नाही म्हणून मुद्दाम लिहिते, ती म्हणजे कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षांची पदवी देणारं स्थानिक सरकारी महाविद्यालय. न्यू जर्सीत शाळेत पहिल्या पंधरा टक्क्यांत आलेल्या मुलाला तिथे शिक्षणशुल्क माफ होण्याची योजना आहे. तिथली दोन वर्षांची पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलं तर ते श्रेयांक धरले जातात, तसा कायदाच आहे. तरी गणपतीत कुणी विचारलं तर आईबाप विषय बदलतात. मी स्वतः बदलला असता, हे कबूल करते.

मुलगी रटगर्सला गेली. पहिला महिनाभर घुश्श्यात होती. आता दर दुसऱ्या शनिवारी धुण्याची पिशवी घेऊन घरी येते आणि परत जाताना डब्यात थालीपीठं नेते.

हे सगळं महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायचं कारण असं, की पुण्या-नाशिकहून पदवीसाठी येणारा विद्यार्थी इथल्या सरकारी विद्यापीठाच्या लेखी बाहेरचाच असतो. त्याला स्थानिकांची फी लागू होत नाही, आणि विद्यार्थी व्हिसावर वर्षभर राहिला म्हणून साधारणपणे तो स्थानिकही ठरत नाही. कुणाचे वडील ते वाक्य वाचून भविष्यनिर्वाह निधीला हात घालत असतील, तर त्यांना हे आधी कळायला हवं. तेव्हा पुढच्या वेळी आपण विद्यापीठांच्या फीचा तक्ता छापाल तेव्हा त्यात राज्यातल्यांची फी आणि बाहेरच्यांची फी असे दोन रकाने द्यावेत, आणि आपल्या वाचकांच्या मुलांना त्यातला दुसरा लागू होतो हे त्याच तक्त्यात, ठळक अक्षरात लिहावं, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक आई
एडिसन, न्यू जर्सी