तुमच्या एका पानाच्या पत्राबद्दल

गिरगाव, मुंबई

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

आपल्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एका जिन्याचे अंतर आहे, त्यामुळे हे आभार तोंडी मानता आले असते. मध्य आशियातल्या प्रवासाहून परतले त्या दिवशी तसा प्रयत्न केलाही, पण काकूंनी वाढलेल्या वरण-भातासमोर बसल्यावर मला चार वाक्येही धड बोलता आली नाहीत. शिवाय गेले तीन आठवडे चाळीतले, ऑफिसातले आणि ओळखीपाळखीचे लोक मला ‘एवढ्या कमी पैशांत एकेचाळीस दिवस तीन देश फिरलीस तरी कशी?’ असे विचारत आहेत, आणि तुमचा उल्लेख टाळून या प्रश्नाचे खरे उत्तर देता येत नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचे नाव मात्र लिहिलेले नाही.

कमी खर्चाचा जो भाग हिशेबाने साधता येतो, तो मी घरी बसून साधला होता. कझाकस्तानात भारतीयांना २०२२ पासून चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, उझबेकिस्तानचा ई-व्हिसा २० डॉलरना मिळतो, किर्गिझस्तानचाही घरबसल्या काढता येतो, आणि या देशांमधून सामायिक टॅक्सीने किंवा मिनीबसने फिरणे आपल्या खिशाला परवडते. खरा खर्च असतो तो रात्रीच्या मुक्कामाचा. अल्माटीत माझ्या सहकाऱ्याच्या मैत्रिणीने मला सहा दिवस ठेवून घेतले आणि तिचे ऋण मी वेगळे पत्र लिहून मान्य केले आहे. त्यापुढे मात्र माझ्याजवळ दोन-तीन अनोळखी यजमानांची इंटरनेटवरची आश्वासने होती आणि तुमचे एक पान होते.

निघण्याच्या आदल्या रात्री तुम्ही ते पान माझ्या हातात ठेवलेत. आखीव वहीचा कागद, निळी शाई, एकही खाडाखोड नसलेले रशियन हस्ताक्षर. खाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला होता : ‘ही माझ्या शेजारची मुलगी आहे. मुंबईहून एकटी आली आहे. ती वाट चुकली तर वाट दाखवावी, रात्र झाली तर आसरा द्यावा. मी तिच्यासाठी जबाबदार आहे.’ १९७० च्या दशकात तुम्ही नोकरीवरून सुटल्यावर पेडर रोडच्या सोव्हिएट सांस्कृतिक केंद्रात जाऊन रशियन शिकलात आणि समरकंदच्या एका भूगोलाच्या शिक्षकांशी पत्रमैत्री केलीत, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. तरी खरे सांगायचे तर त्या रात्री मला ते पान तुमच्या मायेची खूण एवढेच वाटले. त्याचा उपयोग होईल असे वाटले नव्हते.

कझाकस्तानातल्या अल्माटीहून किर्गिझस्तानातले बिश्केक सुमारे २४० किलोमीटर आहे. वाटेत कोरदाईच्या सीमेवर सामानासह उतरून पायी पलीकडे जावे लागते. बिश्केकला पोहोचले तेव्हा अंधार पडला होता आणि ज्यांनी घरी ठेवण्याचे कबूल केले होते त्यांनी उत्तर देणे बंद केले होते. ती रात्र मी एका वसतिगृहात काढली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ओशला जाणाऱ्या सामायिक टॅक्सीत बसले. रस्ता सहाशे किलोमीटरहून लांबचा आहे, तू-आशू खिंडीतला बोगदा ३,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे, आणि प्रवासाला पूर्ण दिवस लागतो. तेवढा वेळ चार अनोळखी माणसांबरोबर गप्प बसून राहणे अवघड असते. चहासाठी थांबलो तेव्हा मी धीर करून तुमचे पान चालकाला दाखवले. तो विशीतला मुलगा होता. त्याला ते हस्ताक्षर लागेना, म्हणून त्याने पान मागे बसलेल्या आजींकडे दिले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तुमचे पत्र अथपासून इतिपर्यंत मोठ्याने वाचून दाखवले. शेवटच्या वाक्याशी त्या थांबल्या आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचले. मग तुमचे वय विचारले. चौऱ्याहत्तर असे मी बोटांनी दाखवले. त्यांनी पान होते त्याच घडीवर दुमडून माझ्या हातात ठेवले आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून मला काहीतरी सांगितले. त्याचा अर्थ मला रात्री ओशला पोहोचल्यावर, त्यांनी माझी बॅग स्वतःच्या दारात उतरवून घेतली तेव्हा कळला.

ओशमध्ये माझे बँकेचे कार्ड बंद पडले. ते पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारा ओटीपी माझ्या भारतातल्या क्रमांकावर येत होता आणि तो क्रमांक तिथे चालत नव्हता. इकडे माझा भाऊ बँकेत खेटे घालत होता आणि तिकडे मी चार दिवस त्या आजींच्या घरी राहत होते, जेवत होते आणि त्यांनी दिलेले सोम (तिथले चलन) खर्च करत होते. चौथ्या दिवशी पैसे हाती आले तेव्हा मी सगळी रक्कम आणि वर जेवणाखाण्याचा अंदाज धरून काही नोटा त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी उसने दिलेले तेवढेच मोजून घेतले आणि बाकीच्या नोटा माझ्याकडे सरकवल्या. ‘फुकटात फिरून आलीस’ असे कोणी म्हणाले की मला त्या सरकवलेल्या नोटा आठवतात आणि तो शब्द सहन होत नाही. माझ्या प्रत्येक मुक्कामाची किंमत कोणी ना कोणी मोजली आहे. मी मोजली नाही, एवढेच.

उझबेकिस्तानातल्या अंदिजानहून ताश्कंदला नेणारी रेल्वे डोंगराखालच्या १९ किलोमीटर लांबीच्या कामचिक बोगद्यातून जाते. तो २०१६ मध्ये सुरू झाला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींच्या पुतळ्याजवळ जाऊन तुमच्या वतीने फुले ठेवली. ११ जानेवारी १९६६ च्या सकाळी रेडिओवर त्यांच्या निधनाची बातमी ऐकून तुमचे वडील जेवले नव्हते, हे तिथे उभी असताना आठवले.

आता समरकंद. तुमच्या पत्रमित्रांनी दार उघडले तेव्हा मी पान पुढे केले, पण त्यांनी ते उघडलेच नाही. बाहेरून दिसणाऱ्या चार अक्षरांवरून त्यांना तुमचे हस्ताक्षर ओळखू आले. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न, त्यांच्या लेकीने इंग्रजीत सांगितला तो असा : चाळीत अजूनही पहाटे पाचला पाणी येते का? केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, हे त्यांना ठाऊक होते. काका, गिरगाव कधीही न पाहिलेला माणूस गिरगावाबद्दल इतके जाणतो, हे तुम्ही चाळीस वर्षे लिहिलेल्या पत्रांचे फळ आहे, आणि माझ्या वाट्याला त्यातलेच पाहुणपण आले.

तिथे चहा ओतण्याची एक रीत आहे, ती तुम्हाला सविस्तर सांगायची राहिली. किटलीतला हिरवा चहा पियालात, म्हणजे वाटीसारख्या कपात, ओततात आणि पुन्हा किटलीत रिकामा करतात. असे तीनदा केल्यावर तो पाहुण्याला मिळतो, आणि मिळतो तोही अर्ध्याहून कमी. पहिल्या दिवशी मला वाटले की माझे येणे त्यांना जड जात असावे. मग लेकीने समजावले, की पियाला थोडाच भरला म्हणजे यजमानाला तो पुन्हापुन्हा भरायचा आहे आणि पाहुण्याने बसावे अशी त्याची इच्छा आहे. त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात ‘सब्जी’ म्हटले आणि तिने माझ्यासमोर गाजरांची जुडी ठेवली, कारण उझबेक भाषेत सब्जी म्हणजे गाजर. त्या गाजरांची मी मोहरी-मिरचीची कोशिंबीर केली. तुमच्या मित्रांनी ती दोनदा मागून घेतली, हे काकूंना आवर्जून सांगावे.

उझबेकिस्तानात परदेशी पाहुण्याची नोंदणी तीन दिवसांच्या आत करावी लागते आणि घरी उतरलेल्या पाहुण्यासाठी ते काम यजमानाकडे येते. तुमच्या मित्रांच्या लेकीने त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा काढली, माझ्या पासपोर्टच्या प्रती काढल्या आणि रांगेत उभी राहिली. मी माफी मागू लागले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला.

निघताना त्यांनी माझ्यापुढे समरकंदची गोल, जाड रोटी धरली. तिला ते नॉन म्हणतात आणि ती कधी पालथी ठेवत नाहीत. दूर जाणाऱ्याने तिचा एक घास तोडून खायचा आणि उरलेली रोटी तो परत येईपर्यंत घरात जपून ठेवायची, अशी तिथली जुनी चाल आहे. मी घास घेतला आणि तुमच्या मित्रांनी ती रोटी भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. मला त्या क्षणी काकू आठवल्या, हातावर दही ठेवून ‘जाते म्हणू नये, येते म्हण’ असे सांगणाऱ्या. मी मराठीतच ‘येते’ म्हटले.

आता एक विनंती. नवरोज आटोपल्यावर मार्चअखेरीस त्यांची नात मुंबईला येणार आहे आणि ती आमच्याच खोलीत उतरेल. आपल्याकडेही परदेशी पाहुणा घरी ठेवल्यास २४ तासांत कळवावे लागते, ते काम मी करीन. गोडा मसाला तिला तिखट लागेल की नाही हे काकूंनी ठरवावे. तिला इंग्रजी येते, पण आजोबांनी तिच्यासोबत तुमच्यासाठी जे पत्र दिले आहे ते रशियनमध्ये आहे आणि ते तिने तुमच्यासमोर मोठ्याने वाचावे असे त्यांनी बजावले आहे. तेव्हा त्या आठवड्यात गावी जाण्याचा बेत कृपया पुढे ढकलावा.

आपली,
खालच्या मजल्यावरची