प्रेसचं गणित शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मे महिन्यात तुमचे दोन शर्ट न्यायला तुम्ही दुकानात आलात, तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. नागपूरचं ऊन, लग्नसराईच्या कपड्यांचे गठ्ठे पडलेले, आणि दुकानभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. दुपार झाली की प्रेस तापायचं नाव घेत नव्हती. एका दुरुस्तीवाल्याने महिनाभरात दोनदा कॉइल बदलून दिली होती आणि आता नवीनच घ्या म्हणाला होता. पैसे मी बाजूला काढून ठेवले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "थांब बेटा, आधी मोजून तर पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तुम्ही क्लॅम्प मीटर घेऊन हजर. मी उत्साहाने मीटरचा चिमटा प्रेसच्या अख्ख्या वायरीभोवती लावला, तर आकडा शून्य! प्रेस तर तापत होती. तुम्ही रागावला नाहीत. जाणारा करंट आणि परत येणारा करंट एकाच चिमट्यात धरले की एकमेकांना खोडतात, हे समजावलंत. मग सुट्या वायरींची तुमची ती छोटी एक्स्टेंशन काढलीत आणि फक्त एक वायर चिमट्यात घ्यायला लावलीत. व्होल्टेज २२८, करंट ४.३ अॅम्पिअर.

मला व्होल्टेजचं दहावीतलं नाव 'विभवांतर' आठवलं आणि पोटात गोळा आला. तुम्ही त्याला नुसतं 'दाब' म्हणालात. दाबाला करंटने भागलं की रोध, दाबाला करंटने गुणलं की वॉट. हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर मीच मांडलं: २२८ भागिले ४.३, म्हणजे ५३ ओहम. २२८ गुणिले ४.३, म्हणजे ९८० वॉट. प्रेसच्या पाटीवर १००० लिहिलेलं होतं. मग दुपारी तीनला, गल्लीतले सगळे कूलर घरघरत असताना, पुन्हा मोजायला सांगितलंत. दाब १९८, करंट ३.७. भागाकार साडेत्रेपन्न. गुणाकार फक्त ७३३!

त्या दोन ओळींकडे मी कितीतरी वेळ पाहत होते. रोध जवळजवळ तोच, म्हणजे कॉइल धडधाकट. दाब तेरा टक्के पडला होता, पण ताकद पाव हिश्श्याने गेली होती. असं का, हेही तुम्ही माझ्याकडूनच काढून घेतलंत: दाब कमी झाला की त्याच रोधातून करंटही कमी जातो, आणि वॉट तर दोघांच्या गुणाकाराने होतात, म्हणून मार दुहेरी बसतो. म्हणजे दोन्ही वेळा बदललेल्या कॉइली चांगल्याच होत्या. त्या पैशांची हळहळ अजून वाटते, पण नवीन प्रेसचे पैसे वाचले ते तुमच्यामुळे.

दाब, करंट आणि रोधाचं हे नातं १८२७ साली मांडणारा जर्मन शास्त्रज्ञ ओहमसुद्धा शाळेत शिकवायचा, असं तुम्ही जाता जाता बोललात. सांगताना तुमचा चेहरा असा खुलला होता, की आयटीआयमधल्या तुमच्या पोरांचा मला हेवा वाटला.

पण माझं दुकान वाचलं ते पुढच्या मापाने. दुकानात प्रेस दोन, आणि दोन्ही मी एकाच मल्टीप्लगवर, सहा अॅम्पिअरच्या पॉइंटवर लावत होते, आणि दोन्ही मिळून साडेआठच्या वर करंट ओढत होत्या. पॉइंटच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मला तुम्ही मोजू दिला नाहीत, स्वतः मोजलात. मधल्या मध्ये ४ व्होल्ट गायब. "४ ला ८.६ ने भाग." जवळपास अर्धा ओहम. "आता गुण." ३४ वॉट. मला वाटलं, ३४ वॉट म्हणजे काय, छोट्या बल्बाएवढे. तेव्हा तुम्ही सांगितलंत, की रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची काडी २५ वॉटची असते आणि तेवढ्यात कथील वितळतं. माझ्या भिंतीत, पॉइंटच्या आतल्या ढिल्या पत्र्यात, त्याहून जास्त उष्णता दिवसभर साठत होती, आणि वर सुती साड्यांचा ढीग! त्या रात्री मला झोप लागली नाही.

वायरमनने दोन्ही प्रेसना वेगवेगळे १६ अॅम्पिअरचे पॉइंट दिले, अडीच चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची वायर ओढली. आता दुकान बंद करताना मी रोज प्लग काढून पिनांना हात लावून बघते. कोमट असतात, बस. जड कपडे सकाळी आणि दुपारी हलके, असं कामही लावून घेतलंय.

सर, बिघाड दुरुस्त करून देणारे भेटतात. तुम्ही मीटर माझ्या हातात दिलंत, चुकू दिलंत, आणि जिथे जिवाला धोका होता तिथे हात मागे घ्यायला लावलात. तुमचे फार फार आभार.

एक अडलंय. परवा कूलर मोजला. २२८ व्होल्ट, ०.९ अॅम्पिअर, गुणाकार २०५. पाटीवर मात्र १६० वॉट. मोटरचं गणित कॉइलइतकं सरळ नसतं, पॉवर फॅक्टर मध्ये येतो, असं तुम्ही म्हणाला होतात आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. तुमचे शर्ट तयार आहेत. न्यायला याल तेव्हा थोडा वेळ काढून या. वही मी काउंटरवरच ठेवली आहे.

तुमची,
कोपऱ्यावरची प्रेसवाली ताई