चि. सईस, साडेतीनबद्दल

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

साहित्यातल्या आकड्यांच्या प्रतीकांवरचा तुझ्या निबंधाचा कच्चा मसुदा दोनदा वाचला. तीन म्हणजे पूर्णत्व, सात म्हणजे सृष्टी, तेरा अशुभ, चाळीस म्हणजे कसोटीचा काळ, हे सगळं तू नीट लावलं आहेस. दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’वरचा भाग तर मला आवडला. तीन खंड, तीन-तीन ओळींची कडवी आणि बरोबर शंभर सर्ग, म्हणजे त्या गृहस्थाने आकडा आधी ठरवला आणि मग लेखणी उचलली, यात वादच नाही.

पण शेवटच्या पानावर ‘भारतीय साहित्यातही असेच’ असं म्हणून तीन गुण, चार वेद, पाच पांडव, सहा ऋतू, सात ऋषी तू एका दमात उरकून टाकलेस. तो परिच्छेद काढून टाक. पंचांगाच्या पहिल्या पानावर यापेक्षा जास्त सापडतं. त्यापेक्षा एकच संख्या घे आणि तिच्यामागे लाग. मी सुचवू? साडेतीन.

हसू नकोस. पूर्णांकांना मान देणारे जगभर आहेत, आपण अर्ध्याला पाटावर बसवलं. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन आणि माणसाचा देह साडेतीन हात. माझ्या आजोबांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतात ते हेच. चोवीस मिनिटांची एक घटका, म्हणजे हे राज्य जेमतेम ८४ मिनिटांचं.

आता इथेच तुला सावध करतो, कारण तू लगेच वहीत लिहिशील की ८४ मिनिटं आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनी! लिहू नकोस. मिनिट हे माप आपल्याकडे नंतर आलं, तेव्हा तो निव्वळ योगायोग. याउलट चरकसंहितेत माणसाची उंची ज्याच्या-त्याच्या बोटांनी ८४ अंगुळं सांगितली आहे. २४ अंगुळांचा एक हात. ८४ भागिले २४ केलंस की साडेतीन हात. हा मात्र योगायोग नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोज आणि आपल्याच उंचीशी ताडून बघ. म्हणून तर मेल्यावर लागणारी जागाही साडेतीन हातच. सगळी इस्टेट कमावून शेवटी तेवढीच, हे कीर्तनात ऐकलेलं तुला आठवत असेल. ती संख्या कुणी कवीने शोधलेली नाही, शरीरातून आली आणि कवींनी वापरली.

आयुष्यभर गणित शिकवलं म्हणून असेल, साहित्यातल्या आकड्यांबद्दल मला नेहमी एकच गोष्ट आधी विचारावीशी वाटते: हा आकडा तिथे ठेवला कुणी? महाभारतातले अठरा घे. पर्वं अठरा, युद्धाचे दिवस अठरा, गीतेचे अध्याय अठरा, पांडवांच्या सात आणि कौरवांच्या अकरा मिळून अक्षौहिणी, म्हणजे सैन्याच्या तुकड्या, अठरा. ही रचना आहे, ती दिसतेच. ग्रंथाचं जुनं नाव ‘जय’. अक्षरांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीने ज म्हणजे आठ, य म्हणजे एक, आणि अंक उजवीकडून डावीकडे वाचायचे म्हणून अठरा. हेही परंपरेने आवडीने सांगितलं आहे. पण मग कुणीतरी पुढे जाऊन सांगतो की एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ असतं आणि प्रत्येक संख्येच्या अंकांची बेरीज अठराच येते! येतेच. करून बघ, मजा वाटेल. पण अक्षौहिणीची मोजणी कशी होते? एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ यांची एक पत्ती. तिची सात वेळा तिप्पट करायची आणि शेवटी दसपट. एवढ्या वेळा तिनाने गुणलेल्या संख्येला नवाने भाग जाणारच आणि अंकांची बेरीज नवाच्या पटीत येणारच. तिथे व्यासांचं नाही, नवाच्या कसोटीचं कौतुक करायला हवं.

असो. साडेतीनकडे येतो.

सगळ्यात गमतीचा भाग अर्ध्याचा असतो. साडेतीन शहाणे घे. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, कारण त्यांना लेखणी आणि तलवार दोन्ही चालवता येत. नाना फडणवीस अर्धा, कारण तलवारीच्या नावाने शून्य. आता बघ, विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला. बाकीच्या दोघांची नावं आज इतिहासाचा पेपर देणाऱ्यालाही पटकन सांगता येत नाहीत. अर्धा शहाणा मात्र १८०० पर्यंत राज्याचा गाडा ओढत राहिला आणि तो गेला तेव्हा पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटाने, पामरने, लिहिलं की मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्याच्याबरोबर गेला. ज्याने कुणी ही साडेतीनची म्हण पाडली, त्याला नानाला कमी लेखायचं होतं की उचलून धरायचं होतं, यावर मी अजून माझ्याशीच भांडतो.

पीठांचंही तेच. कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका ही तीन पूर्ण. वणीची सप्तशृंगी अर्धं पीठ, आणि तिला हात किती? अठरा! अठरा हातांची देवी अर्धी कशी, याचा खुलासा जो तो आपापल्या परीने करतो. मुहूर्तांत पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे पूर्ण आणि बलिप्रतिपदा अर्धी. काही जण हे अर्धेपण अक्षय्य तृतीयेकडे देतात. म्हणजे अर्धा कोण याबद्दल दुमत चालतं, पण अर्धा हवाच याबद्दल नाही.

हे अर्ध आलं कुठून, याचं जे उत्तर बहुतेक जण देतात ते ओंकाराचं. अकार, उकार, मकार या तीन मात्रा आणि वर एक अर्धमात्रा. देवीमाहात्म्याच्या पहिल्या अध्यायात ब्रह्मदेव देवीची स्तुती करतो त्यात ओळ आहे: ‘अर्धमात्रा स्थिता नित्या यानुच्चार्या विशेषतः’. तू नित्य असलेली अर्धमात्रा, जिचा उच्चारच करता येत नाही. तीन म्हणता येतात आणि अर्धी म्हणता येत नाही. या एका ओळीवर तुझा अर्धा निबंध उभा राहील.

पण माझ्या मते खरी जागा ज्ञानेश्वरीत आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. पहिली ओवी तुला पाठच आहे:

ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या ।
जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥

मोठ्याने म्हण. आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या हे तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड, चार अक्षरांचा, यमक सोडून दिलेला. मराठी छंदशास्त्राचे अभ्यासक ज्ञानेश्वरांच्या ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात ते यामुळे. साडेतीन मात्रांच्या ॐकाराला नमन साडेतीन चरणांत! इथे कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. माझ्याही सुटलं होतं. पण पुढे वाच. ‘अकार चरणयुगुल । उकार उदर विशाल । मकार महामंडल । मस्तकाकारें’ असा गणेश ते उभा करतात आणि लगेच ‘हे तिन्ही एकवटले’ म्हणतात. तिन्ही. अर्धमात्रेचं नाव इथे नाही. शिवाय ओवी त्यांनी घडवलेली नाही. चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. तोकडा चौथा चरण कांडणाऱ्या बाईच्या दमातून आला असावा असं मला वाटतं: तीन झोके लांब, चौथ्याला सूर खाली येतो, श्वास घेता येतो. तेव्हा पहिल्या ओवीत साडेतीनचं प्रतीक मुद्दाम ठेवलं आहे असं ठणकावून लिहू नकोस.

आता सहावा अध्याय काढ. कुंडलिनीचं, म्हणजे योगशास्त्रात देहात निजलेली मानतात त्या शक्तीचं, वर्णन. कुंकवाने न्हालेलं नागिणीचं पिल्लू वेटोळं करून झोपावं, तशी ती:

तैसी ते कुंडलिनी । मोटकी औट वळणी ।
अधोमुख सर्पिणी । निदेली असे ॥

औट वळणी. साडेतीन वेटोळी. इथे त्यांनी स्वतः आकडा उच्चारला आहे. आणि ती वेटोळी किती चरणांत बसली? कुंडलिनी, वळणी, सर्पिणी असे तीन फेरे एकाच यमकावर फिरून येतात, आणि मग अर्ध्यात ‘निदेली असे’. निजली आहे. वळणं संपतात, यमक थांबतं, साप झोपतो. छंद बायकांच्या उखळापासून आलेला, आकडा योगशास्त्रातून आलेला, पण दोघांना या एका जागी असं आणून बसवणं हे काम कवीचंच आहे, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. तुझ्या मार्गदर्शक बाईंनी पुरावा मागितला तर ओवी वाचून दाखव, दुसरा पुरावा नाही. पहिल्या ओवीबद्दल मी का कचरलो आणि इथे का नाही, हा फरक निबंधात आला तर बरं.

नाथसंप्रदायाचं नाव यायला हवं, कारण ज्ञानेश्वरांना ही कुंडलिनी निवृत्तिनाथ आणि गहिनीनाथ यांच्या वाटेने मिळाली. पण तिथे फार रमू नकोस, चक्रांच्या पाकळ्या मोजत बसशील.

तुकोबांकडे एक फेरी मार. ‘सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’. अक्षरं मोज: सहा, सहा, सहा, चार. मोठ्या अभंगाचा साचा हाच. तीन सारखे, चौथा तोकडा. इथे साडेतीनचा उल्लेख कुठेही नाही आणि प्रतीक वगैरे काही नाही. नुसता कान आहे. ज्या लोकांचा कान पिढ्यान्‌पिढ्या तीन आणि तोकडा चौथा यावर पोसला, त्यांना शहाणे मोजतानाही चौथा अर्धाच सुचला असेल का? हे मी विचारतोय, सिद्ध करत नाही. तूही विचारलंस तरी चालेल.

कबिराचे ‘ढाई आखर’ एका तळटीपेत घेता येतील. प्रेम या शब्दातल्या जोडाक्षराचा तो खेळ आहे, साडेतीनशी त्याचं नातं लांबचं. साडेसातीला हात लावू नकोस. शनी एकेका राशीत अडीच वर्षं राहतो, तीन राशींची मिळून साडेसात, संपलं.

आईने विचारलंय की थंडीचे कपडे पाठवायचे की तू दिवाळीला येणारच आहेस. तिकिटाचं काय ते लवकर सांग, नंतर गाड्या भरतात. पैसे लागले तर मोकळेपणाने कळव.

आणि एक काम. एकनाथांची ओवी साडेचार चरणांची मानतात. तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांचं काशीत पूर्ण केलेलं भागवत असेलच. कोणताही अध्याय उघड, वीस-पंचवीस ओव्या मोठ्याने वाच आणि चरणांची अक्षरं मोजून मला पाठव. ज्ञानेश्वरांपासून पावणेतीनशेहून थोड्या अधिक वर्षांत एक चरण वाढला, पण अर्ध तसंच राहिलं. ते कुठे बसवलंय हे तू सांग. मी माझं उत्तर काढून ठेवलंय, आधी तुझं येऊ दे.

तुझे,
बाबा