मोरसहून सुमनला

रोझ हिल, मॉरिशस
भाद्रपद शुद्ध षष्ठी

प्रिय सुमन,

फोनवर आपला निम्मा वेळ "ऐकू येतंय का गं" यातच जातो, म्हणून कागद घेऊन बसले. जावई हसतात. म्हणतात, आई, पत्राच्या आधी तुम्हीच चिपळूणला पोचाल. पोचले तर पोचले, हातात आणून देईन.

आमच्या आजीच्या फडताळातला मोरस साखरेचा डबा आठवतो का? आजी मरेपर्यंत पांढऱ्या साखरेला मोरसच म्हणायची. चहाला चाले, नैवेद्याला नाही. हाडांच्या कोळशातून गाळतात म्हणे, म्हणून देवाला गूळ. आपण दोघी चिमूट चिमूट पळवायचो आणि फ्रॉकला मुंग्या लागल्या की पकडल्या जायचो. मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला बीएड झाल्यावर कळलं. या बेटाची साखर मुंबई बंदरात उतरायची, तिला बेटाचंच नाव चिकटलं. चीनची ती चिनी, तशी ही मोरस.

आणि कोणी घर सोडून गेला, परत आला नाही, की आजी म्हणायची, "गेला मोरसला." आमच्या पणजोबांचा एक चुलता खरंच गेला होता म्हणतात. भावाशी भांडला, मुंबईला जातो म्हणाला, तो गेलाच. साखर आणि तो चुलता या दोन गोष्टी माझ्या डोक्यात साठ वर्षं वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या बघ.

पहिल्याच आठवड्यात लेकीने पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर नेलं, आपल्याकडून आणलेले मजूर उतरायचे तिथे. पूर्वी त्याला कुली घाट म्हणत, 1987 मध्ये नाव बदललं आणि 2006 मध्ये तो जागतिक वारसा झाला. मला वाटलं होतं भलंमोठं काही असेल. चार दगडी खोल्या, न्हाणीघरं, संडास आणि समुद्राकडून वर येणाऱ्या काळ्या पायऱ्या. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात. गोवळकोटच्या धक्क्यावर बसावं तशी मी शेजारच्या कठड्यावर बसले, तर रखवालदाराने उठवलं.

इथली हकीकत थोडक्यात सांगते. इंग्रजांनी 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण मळे, भाषा, कायदेकानू फ्रेंचच राहू दिले. 1835 च्या फेब्रुवारीत गुलामगिरी उठली. भरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना छदाम नाही. मग ऊस तोडायचा कोणी? त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 ला, 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून 36 माणसं आणून बघितली होती. तिथून पुढे पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांवर लोक आले. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून. मुंबईहून त्यामानाने थोडे, पण त्या थोड्यांत आपल्या कोकणचे आणि घाटावरचे होते.

करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचा, त्याला 'डबल कट' म्हणत. तापाने पडलास तरी तुझाच दोष. करार संपलेल्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगावा लागे; नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. 1871 मध्ये 9,401 जणांनी याविरुद्ध अर्ज केला. तो लिहून देणारा आदोल्फ द प्लेवित्झ हा गोरा मळेवाल्यांचा मार खाऊन बसला, पण दुसऱ्याच वर्षी चौकशीला आयोग आला.

पासांवरचे ते फोटो संग्रहालयात पाहिले. सुमन, एकही माणूस हसत नाही. खांद्यावरचं फडकं, कानातली भिकबाळी, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्याने काहीतरी ओरडून सांगितलंय आणि ते कळलेलं नाही. नोंदवहीत नाव, बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. नाव गोऱ्या कारकुनाला ऐकू आलं तसं. आडनावाचा पत्ताच नाही, म्हणून बापाचं किंवा आजोबाचं नाव हेच पुढे आडनाव झालं. आमचा चुलता शोधायचं मनात होतं, पण घरात त्याला 'तात्यांचा भाऊ' यापलीकडे नाव नाही. काय सांगणार होते मी नोंदी शोधून देणाऱ्या खिडकीतल्या मुलीला?

काल गणपतीची सुट्टी होती. हो, सरकारी सुट्टी, चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या देशाला! लेकीच्या शेजारच्या आजी आम्हाला कास्कावेलला त्यांच्या माहेरी घेऊन गेल्या. तिथला गणपती 1896 पासूनचा, असं गावातले सगळे छातीठोक सांगतात. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध काळ्या धोंड्यांचे घराएवढे ढीग. मला वाटलं जुनी देवळं. आजी म्हणाल्या, नाही, हे वेचलेले दगड. बेट ज्वालामुखीचं, जमीन नुसती दगडांची. हाताने उचलून, डोक्यावरून वाहून रचलेत. माझ्या मनात आलं, सह्याद्रीचा काळा दगड फोडणारे इथे येऊन पुन्हा काळाच दगड उचलत बसले.

आरती मात्र ऐकायला हवी होतीस. छापील कागद रोमन लिपीत, मागे तरुण पोरं, टाळ, ढोलकी, आणि उच्चार थोडे फ्रेंच वळणाचे, पण चाल तीच. एका कडव्यावर मी चुकले, आजी नाही चुकल्या. मग रिंगण धरून झाकरी झाली. झाकरी म्हणजे आपली जाखडी गं! पोरांनी पाय टाकला तशी मी उठून उभी राहिले, गुडघ्याचं दुखणं विसरून. लेक घाबरली.

गाण्यातल्या एका शब्दाचा अर्थ मी आजींना विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि क्रेओलमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत, म्हणाल्या, "मो पा कोने." ठाऊक नाही. शब्द मलाही लागला नाही, पण मी 'तिकडे असंच म्हणतात' असं सांगून वेळ मारून नेली. मास्तरकीची खोड, दुसरं काय. आजींना मराठी बोलता येत नाही, नात शाळेत शिकते. पण जेवताना पान वाढल्यावर नातवाला दटावलंन, "थांब, आधी देवाला!" ते अस्सल आपल्या आजीच्या आवाजात. मी वर बघितलं तर त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं आपण मराठी बोललो ते.

नैवेद्यात मोदकांबरोबर शिरा होता, चक्क साखरेचा. मी विचारलं, गूळ नाही का घालत? आजी हसल्या. लेकीने मध्ये बसून भाषांतर केलं: इथे साखर आम्हीच केली, मग देवाला का चालणार नाही?

मला उत्तर सुचलं नाही. शिरा दोनदा मागून घेतला.

संध्याकाळी फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर विसर्जन. भरती होती, पोरं कमरेएवढ्या पाण्यात. आजी चपला हातात घेऊन वाळूत उभ्या होत्या आणि मला बोटाने समुद्र दाखवत होत्या, विचारल्यासारख्या. किनारा पश्चिमेचा, सूर्य समोर बुडत होता, म्हणजे घर आपल्या पाठीशी, ईशान्येला. मी त्यांचे खांदे धरून त्यांना तसं वळवलं.

येत्या बुधवारी निघते. इथली तपकिरी साखर घेतलीय, किलोभर तुझ्यासाठी. तिला उसाचा वास आहे, काकवीसारखा. मुंग्यांपासून जप.

तुझी,
विमल