फॉर्म भरून देणारा काका बोलतोय

संपादक साहेब, नमस्कार.

पंचवटीत माझा छोटा लॉज आहे, दहा-बारा खोल्यांचा. दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की कॉलेजची पोरं पर्यटनाच्या प्रोजेक्टचे फॉर्म घेऊन काउंटरवर हजर. "काका, गेस्टकडून भरून घ्या ना, उद्या सबमिशन आहे." आता गेस्ट गेलेले त्र्यंबकला, पोरांचं तोंड बारीक झालेलं, मग खरं सांगतो, मीच पेन बदलून बदलून भरून दिलेत, एका फॉर्मात पुण्याचा झालो, एकात इंदूरचा. पुढे त्याचे रंगीत चार्ट होतात आणि कधीतरी पेपरात येतं की नाशिकला येणारे पर्यटक समाधानी आहेत. त्यातला थोडाफार समाधानी मीच असतो.

गेल्या वर्षी भाची प्रोजेक्टसाठी आमच्याकडे राहिली. मी म्हटलं आण फॉर्म, तर म्हणते, "मामा, तुला हात लावू देणार नाही." तिच्याबरोबर दोन-चार दिवस रामकुंडावर फिरलो तेव्हा कळलं की सर्वेक्षण हे शिकायचं काम आहे, नुसता गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही.

पहिलाच प्रश्न, पर्यटक म्हणायचं कोणाला? युनोच्या व्याख्येत नेहमीच्या वावराच्या बाहेर गेलेला, एका वर्षाच्या आतला प्रवास असलेला आणि तिथे नोकरीला आलेला नाही असा माणूस मोजतात, त्यात रात्री मुक्काम केला तर पर्यटक, त्याच दिवशी परत गेला तर एकदिवसीय पाहुणा. म्हणजे नारायण नागबलीला येणारे पर्यटक झाले, विधीच तीन दिवसांचा आहे, मुक्काम आलाच. पण शिर्डीहून सकाळी गाडी करून आलेले, काळाराम, त्र्यंबक उरकून संध्याकाळी परत जाणारे माझ्या रजिस्टरात कधी येतच नाहीत, आणि लॉजची रजिस्टरं बघून गावात किती लोक येतात ते सांगायला लागलो तर हे सगळे गायब. आणि बाहेरगावाहून रामकुंडावर दशक्रियेला आलेला, नुकतंच मुंडण केलेला माणूस? व्याख्येत तोही बसतो, पण त्याला "आपला अनुभव कसा होता, खूप छान की छान" विचारणार का? मी एका पोराला असं विचारताना बघितलंय हो!

दुसरं म्हणजे उभं कुठे राहायचं. शनिवारी गंगापूर रोडच्या वायनरीबाहेर उभे राहिलात तर नाशिकचा पर्यटक म्हणजे मुंबईची तरुण मंडळी, अमावास्येला रामकुंडावर उभे राहिलात तर खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं. दोन्ही खरंच, पण एकाच जागेवरून अख्ख्या नाशिकचं सांगू नका. भाचीने जागा, वार, वेळा आधीच ठरवून ठेवल्या होत्या, मग दर दहाव्या माणसाला थांबवायची, नाही म्हणाला तर तेही लिहायची. कुटुंब असेल तर ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येतोय त्याला विचारायची, नाहीतर काय होतं, घरातला जो बोलका असतो तोच सगळ्यांचं बोलतो.

तिच्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी ३८४ लोक घेतले होते, मला वाटलं मंतरलेला आकडा आहे की काय. ९५ टक्के खात्री आणि पाच टक्के इकडे-तिकडे चूक चालेल असं धरलं की तो येतो, चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात. पण माणसं चिठ्ठी काढल्यासारखी निवडली असतील तरच हं. ओळखीच्या ३८४ जणांना विचारून काही होत नाही.

प्रश्नांचंही तसंच. "परिसर स्वच्छ आणि सुरक्षित वाटला का?" पोलीस दिसला पण कचराही दिसला त्याने काय टिक करायचं? तिने आधी वीसेक जणांवर फॉर्म चालवून बघितला आणि निम्मे प्रश्न बदलले. एका फुलवाल्या मावशींजवळ तर तासभर नुसती बसून ऐकत होती, त्यांना विचारून रेकॉर्ड केलं, त्यात जे कळलं ते कुठल्या टिकमध्ये मावलं नसतं.

हे सगळं आत्ता लिहितोय कारण २०२७ ला सिंहस्थ आहे, आणि तेव्हा कोटींचे आकडे उडणार. एकच माणूस सकाळी घाटावर, दुपारी तपोवनात, संध्याकाळी बसस्टँडवर मोजला की तिघे होतात. आपल्या कॉलेजांनी पोरांना आत्तापासून घाटावर उभं करून मोजायला शिकवावं, परत बारा वर्षांनीच चान्स आहे. आणि साहेब, तुम्हालाही एक विनंती, सर्वेक्षणाची बातमी छापाल तेव्हा कुठे, कोणत्या दिवशी, किती जणांना, कसं निवडून विचारलं आणि किती जण नाही म्हणाले एवढं एका ओळीत छापत जा.

पोरांनी लॉजवर खुशाल यावं. बाहेर बाकडं टाकून देईन, चहा पण माझा, गेस्ट परत येईपर्यंत बसा. फॉर्म मात्र मी भरणार नाही.

आपला,
पंचवटीतला एक लॉजवाला, नाशिक