कच्छचा हंगाम सप्टेंबरातच सुरू होतो

महोदय,

पर्यटन पुरवण्यांत कच्छवरचे लेख येतात ते बहुधा दिवाळीच्या आसपास. पांढरे रण, पौर्णिमेचे चांदणे, तंबू, आणि शेवटी एक ठरावीक ओळ : पक्षीनिरीक्षणासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. करकोचे, गरुड, छारीढंढ तलावावरची बदकांची गर्दी पाहायची असेल तर हे बरोबरच आहे. पण तोवर कच्छमधून एक अख्खी वर्दळ येऊन गेलेली असते. तिच्याबद्दल फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या काळात मध्य आशियातले कितीतरी पक्षी आफ्रिकेत हिवाळा काढायला निघतात, आणि त्यांतले बरेच वायव्य भारतावरून जातात. आपल्याकडे ते मुक्कामाला येत नाहीत. पावसाने रान हिरवे झालेले असते, टोळ, नाकतोडे, चतुर यांचा सुकाळ असतो. तेवढ्यावर चरबी साठवायची आणि पुढे सुटायचे. परतीला वसंतात त्यांच्यापैकी अनेक जण आणखी पश्चिमेकडची वाट धरतात. म्हणजे भारतात त्यांना गाठायची संधी जवळजवळ या दीड महिन्यापुरतीच.

गेल्या सप्टेंबरात नखत्राणा तालुक्यातल्या काटेरी रानात एक दिवस याच पक्ष्यांसाठी काढला. उजाडता उजाडता बोरीच्या आणि केर नावाच्या काटेरी झुडपाच्या शेंड्यांवर खाटीक पक्षी बसलेले दिसू लागले. खाटीक, माशीमार, शुभ्रकंठी ही मंडळी रात्री उडतात आणि पहाटे मिळेल त्या झुडपात उतरतात. म्हणून सकाळचे पहिले दोन-तीन तास सोन्याचे. लाल पाठीचा खाटीक नर असेल तर राखी डोके, तांबूस पाठ, डोळ्यांवरून काळा पट्टा, ओळखायला क्षणही लागत नाही. पण सप्टेंबरात निम्म्याहून अधिक असतात ती यंदाची पिल्ले, अंगभर खवल्यांसारखी नक्षी असलेली, आणि तिथे भल्याभल्यांचे वाद होतात. (माझ्या मते हे वाद झाडाखाली नव्हे, घरी फोटो समोर ठेवून घालावेत.)

विजेच्या तारेवर नीलपंख होते. आपला नीलपंख सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची छाती तपकिरी-गुलाबी, वर फिकट रेघा. युरोपीय नीलपंखाचे डोके, मान, छाती सगळे सलग फिकट निळे आणि पाठ तांबूस. दोघे उडाले की शंका उरत नाही : आपल्याच्या पंखांत गडद-फिकट निळ्याचे पट्टे, पाहुण्याच्या पंखांची उड्डाणपिसे काळपट.

दिवसाचा मानकरी मात्र जमिनीवर होता. पीलूच्या झाडाच्या सावलीत तांबूस शेपटीचा स्क्रब रॉबिन टुणटुणत बाहेर आला, शेपटी सरळ उभी केली आणि पंख्यासारखी पसरली. मधली पिसे सोडली तर प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरा ठिपका, त्याच्या आत काळी पट्टी. एक किडा टिपला, शेपटी मिटली आणि स्वारी झुडपात गडप! दहाच्या सुमारास ऊन चढले तसे सगळे शांत झाले. चारनंतर निळ्या गालाचे वेडे राघू चतुरांच्या मागे डोक्यावरून जात राहिले.

आता मुद्दा. यातले काहीही अभयारण्यात नव्हते. छारीढंढ २००८ मध्ये गुजरातचे पहिले संवर्धन राखीव क्षेत्र झाले, पण वाटेत उतरणाऱ्या पक्ष्याला तलाव नको, झुडूप हवे. आणि झुडपांचे रान कुणाच्याच हिशेबात नसते. पवनचक्कीपर्यंत रस्ता काढायचा की पहिला घाव त्याच्यावर. बन्नीच्या गवताळ प्रदेशात १९६१ च्या सुमारास रण पुढे सरकू नये म्हणून लावलेली वेडी बाभूळ गवताच्या मुळावर आली. ती काढायलाच हवी. मात्र काढताना पीलू, केर, बोर राखले जातील हे काम सुरू होण्याआधी ठरायला हवे. यंत्र झाडांत फरक करत नाही.

आपण पक्षीनिरीक्षकही धुतल्या तांदळाचे नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याची सवय या हंगामात तरी सोडावी. रात्रभर उडून आलेल्या पक्ष्याला सकाळी पोट भरायचे असते. त्याला फोटोसाठी झुडपा-झुडपांतून हुसकावणे म्हणजे त्याची शिदोरी हिसकावणे आहे. गाडीतच बसून थांबले तर पक्षी आपणहून जवळ येतात, हा अनुभव त्या दिवशीही आला.

संपादक महोदय, कच्छवरचा पुढचा लेख ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात छापावा, ही विनंती. सोबत या पक्ष्यांचे फोटो आणि एक नकाशा द्यावा : कझाकस्तान, कच्छ, पूर्व आफ्रिका. आणि नखत्राण्याकडच्या तरुण वाटाड्यांना बोलते करावे. कोणत्या झुडपात काय उतरते हे त्यांना तोंडपाठ असते, आणि रण उत्सवाच्या कितीतरी आधी त्यांना कामही मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक